दुसरा सी कयाक कसा निवडावा : ठाणे आणि नवी मुंबईच्या पाण्यासाठी

कयाक म्हणजे पाय लांब करून बसून दुपाती वल्ह्याने चालवायची अरुंद होडी, आणि सी कयाक हा तिचा समुद्र-खाडीसाठीचा लांब प्रकार. पहिला कयाक आपण फारसा निवडत नाही. ओळखीतले कोणीतरी विकत असते, किंमत परवडते, गाडीच्या टपावर तो मावतो आणि तेवढ्यावर व्यवहार होतो. त्यात काही चुकीचेही नसते, कारण कोणते प्रश्न विचारावेत हेच त्या वेळी आपल्याला ठाऊक नसते. दुसऱ्या कयाकच्या वेळी प्रश्न पुष्कळ असतात. परंतु त्यांतले निम्मे पहिल्या कयाकवरच्या रागातून आलेले असतात आणि तिथेच घोटाळा होतो.

माझा पहिला कयाक बारा फुटी, ७१ सेंटिमीटर रुंद आणि पॉलिथिलिनचा, म्हणजे प्लास्टिकचा, होता. दोन हंगाम तो ऐरोलीच्या बाजूने ठाणे खाडीत चालवल्यावर त्याच्या संथपणाचा मला कंटाळा आला आणि एका विक्रेत्याच्या सल्ल्याने मी सतरा फुटी, ५४ सेंटिमीटर रुंदीचा सी कयाक घेतला. तो कयाक वाईट नव्हता. माझ्यापेक्षा वीसेक किलो जड असलेल्या माणसाने आठवडाभराचे सामान घेऊन जावे यासाठी तो आखलेला होता. मी मात्र ६२ किलोचा, पाण्याच्या दोन बाटल्या आणि पोळीभाजीचा डबा घेऊन तीन तासांसाठी उतरत होतो. एवढ्या कमी वजनामुळे तो पाण्यावर उंच बसे आणि दुपारी वारा उठला की नाळ, म्हणजे पुढचे टोक, हट्टाने वाऱ्याकडे वळवी. एका हंगामातच मी तो विकला. पुढील मार्गदर्शन तिसरा कयाक बरोबर निवडल्यानंतर लिहिलेले आहे, त्यामुळे दुसऱ्याच्या वेळी काय करायला हवे होते याचीच ही नोंद आहे असे समजावे.

आधी मागच्या हंगामाची वही

पहिले काम कयाक पाहायला जाण्याचे नाही, तर मागच्या हंगामातील प्रत्येक फेरी कागदावर मांडण्याचे आहे. कोठून उतरलो, किती वाजता, तिथी कोणती, भरती केव्हा, वारा कधी आणि कोणत्या दिशेने उठला, पाण्यावर किती तास होतो, सोबत कोण होते आणि सामान किती होते, एवढे रकाने पुरतात. नोंदी ठेवल्या नसतील तर फोनमधील छायाचित्रांच्या तारखा आणि वेळा घेऊन पंचांग शेजारी ठेवावे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ मिळते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब येथे उपयोगी पडतो: अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. मुंबईच्या अपोलो बंदराच्या भरतीपेक्षा ठाण्याकडची भरती उशिरा येते, एवढे लक्षात ठेवून वेळ थोडी पुढे सरकवावी. हा हिशेब मागे वळून पाहण्यापुरता आहे. पाण्यात उतरताना मात्र छापील तक्ताच पाहावा.

या वहीतून आपले पाणी कोणते ते कळते. ठाणे आणि नवी मुंबईच्या माणसाला दोन अगदी वेगळी पाणी जवळ आहेत. ठाणे खाडी उत्तर-दक्षिण पसरलेली आहे, दोन्ही काठांना तिवरे आणि त्यांच्यापुढे चिखल आहे, आणि ओहोटीला तो चिखल एवढा उघडा पडतो की धक्का समोर दिसत असूनही त्याच्यापर्यंत पोहोचता येत नाही. म्हणून भरतीच्या आधी दोनेक तास उतरून भरतीनंतर दोनेक तासांत परत येणे, ही येथील नेहमीची रीत आहे. अष्टमीच्या आसपास ही वेळ पहाटेची असते. मतलई वारा मंद असतो आणि पाणी तेलासारखे दिसते. पौर्णिमा-अमावास्येला तीच वेळ भर दुपारी येते, तेव्हा पश्चिमेचा किंवा वायव्येचा खारा वारा खाडीला आडवा वाहत असतो. एकच कयाक या दोन दिवशी दोन निराळ्या स्वभावांचा वाटतो.

दुसरे पाणी गायमुख आणि नागला बंदराकडचे, म्हणजे उल्हास नदीच्या मुखाकडे जाणारी वसईची खाडी. ही पूर्वेकडून पश्चिमेकडे जाते. उधाणाच्या, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासच्या, दिवसांत भरती दुपारच्या सुमारास होते, त्यानंतर ओहोटीचे पाणी जोराने पश्चिमेकडे धावते आणि नेमका त्याच वेळी वारा पश्चिमेकडून येतो. वारा आणि प्रवाह असे समोरासमोर आले की लाटा आखूड, उभ्या आणि एकमेकींच्या पाठीवर चढणाऱ्या होतात. ज्यांच्या वहीत अशा दुपारी जास्त आहेत त्यांची गरज आणि पहाटे ऐरोलीला जाणाऱ्यांची गरज एकच नसते.

या वहीत न झालेल्या फेऱ्या लिहू नयेत. अलिबाग, मुरुड, घारापुरी ही नावे प्रत्येकाच्या मनात असतात आणि विक्रेत्याला ती लगेच ओळखू येतात. हंगाम ऑक्टोबरच्या मध्यापासून मेपर्यंत चालतो, त्यातून नोकरी, लग्नकार्ये आणि परीक्षा वजा केल्यास वर्षाला वीस फेऱ्या झाल्या तरी पुष्कळ झाल्या. त्यांतील अठरा जर तीन तासांच्या असतील, तर कयाक त्या अठरांसाठी घ्यावा आणि उरलेल्या दोन मोहिमांसाठी मागून किंवा भाड्याने आणावा.

पाण्याच्या मर्यादाही याच वेळी नकाशावर आखून घ्याव्यात. ठाणे खाडीचा पश्चिमेकडील भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला. तेथे वनविभागाच्या परवानगीशिवाय शिरता येत नाही आणि परवानगी असली तरी चरणाऱ्या थव्याजवळ जाणे गैरच आहे. दक्षिणेकडे तुर्भ्याच्या अणुसंशोधन केंद्रापुढचे पाणी वर्ज्य आहे आणि त्याच्याही पुढे बंदराची जहाजे येतात-जातात. हे सर्व वगळल्यावर उरणारे पाणी सरळ धावण्यापेक्षा वळणावळणाचे अधिक असते, ही गोष्ट लांबी ठरवताना उपयोगी पडेल.

दोष होडीचा की हाताचा

पहिल्या कयाकबद्दलच्या तक्रारी लिहाव्यात आणि प्रत्येकीपुढे प्रामाणिकपणे विचारावे की एखाद्या जाणकाराला हाच कयाक दिला तर ही तक्रार उरेल काय. ‘सरळ चालत नाही’ ही तक्रार बहुधा वल्हे शरीरापासून फार दूर फिरवल्यामुळे असते. ‘वळत नाही’ ही तक्रार कयाक कुशीवर कलवायला शिकल्यावर निम्मी होते. ‘खांदे दुखतात’ यात वल्ह्याचा, पाठीच्या टेकूचा आणि कंबर न वळवण्याचा वाटा कयाकपेक्षा मोठा असतो. याउलट ‘सोबत्यांच्या मागे पडतो’, ‘सामान कोरडे राहत नाही’, ‘लाट डेकवरून (कयाकच्या वरच्या पृष्ठभागावरून) मांडीत येते’ या तक्रारी खरोखरच होडीच्या आहेत.

उलटलेल्या कयाकमधून बाहेर पडणे, सोबत्याच्या मदतीने आणि एकट्याने पुन्हा आत चढणे, हे पहिल्या कयाकवर जमत नसेल तर अरुंद कयाक घेण्याची घाई करू नये. हा सराव खाडीत करावा असे मी सांगणार नाही. त्या पाण्यात शहराचे सांडपाणी मिसळलेले आहे आणि नाकातोंडात ते जाणे बरे नव्हे. परवानगी देणारा पोहण्याचा तलाव शोधावा किंवा एखादा दिवस स्वच्छ किनाऱ्यावर काढावा.

अंगाचे माप

ग्रीनलँडमधील इनुइट शिकारी आपला कयाक आपल्या अंगाच्या मापाने बांधत: लांबी पसरलेल्या हातांच्या तिप्पट, रुंदी कमरेइतकी आणि वर दोन मुठी. आपले कोळी बांधव पाण्याची खोली ज्या ‘वावा’ने मोजतात तोच हा वाव, म्हणजे लांबी तीन वाव. साच्यातून निघालेल्या कयाकच्या काळात हे माप सुटले असले तरी त्यामागचा विचार सुटू देऊ नये.

बहुतेक सी कयाक ब्रिटन, उत्तर युरोप आणि अमेरिका येथील बांध्याच्या माणसांसाठी आखलेले असतात आणि त्यांतील कित्येकांचे मूळ लांबच्या मोहिमांत आहे. उदाहरणार्थ, ‘नॉर्डकॅप’ हा प्रसिद्ध आकार फ्रँक गुडमन यांनी १९७५ मधील नॉर्वेच्या किनाऱ्यावरील मोहिमेसाठी आखला होता. भरलेल्या वजनासाठी आखलेला कयाक रिकामा चालवला तर तो हलका, चंचल आणि वाऱ्याच्या स्वाधीन होतो. म्हणून उत्पादकाने किती कमाल वजन लिहिले आहे हे पाहण्यापेक्षा किती वजनाच्या माणसासाठी तो योग्य म्हटला आहे ते पाहावे. स्वतःचे वजन, त्यात लाईफ जॅकेट, पाणी आणि नेहमीचे सामान मिळून दहा ते पंधरा किलो धरावे आणि ही बेरीज दिलेल्या पट्ट्याच्या मध्याजवळ येते का ते बघावे. ५० ते ६५ किलोच्या माणसांनी, आणि त्यात पुष्कळ स्त्रिया येतात, त्याच नावाचा लहान आकार निघतो का हे आवर्जून विचारावे.

त्यानंतर कयाक जमिनीवर, जाड सतरंजीवर ठेवून त्यात किमान अर्धा तास बसावे, आणि पाण्यात वापरता तीच पादत्राणे घालून बसावे. पावले पायटेकूवर, गुडघ्यांच्या वरचा भाग डेकखाली, कमरेच्या दोन्ही बाजू, बैठक आणि पाठीचा खालचा भाग असा सर्वत्र स्पर्श हवा, पण आवळलेपणा नको. कमरेपाशी थोडी जागा उरत असेल तर फोम चिकटवून ती भरता येते. जागा कमी असेल तर इलाज नाही. मांडी घालून तासन् तास बसणाऱ्या आपल्या माणसांना पाय लांब करून बसणे मात्र जड जाते आणि विसाव्या मिनिटाला मांडीच्या मागच्या शिरा कुरकुरू लागतात. अशा वेळी दोष आसनाचा की शिरांचा हे ठरवण्यासाठी दुसऱ्या दिवशी पुन्हा बसून पाहावे.

लांबी, रुंदी आणि तळ

लांब कयाक वेगवान असतो हे अर्धसत्य आहे. पाण्याला टेकलेल्या लांबीच्या फुटांतील वर्गमुळाला १.३४ ने गुणले की नॉटमध्ये साधारण कमाल वेग मिळतो. टेकलेली लांबी साडेदहा फूट असल्यास तो सुमारे ४.३ नॉट आणि पंधरा फूट असल्यास सुमारे ५.२ नॉट येतो. परंतु खाडीत आपण रमतगमत ३ ते ३.५ नॉटने, म्हणजे ताशी साडेपाच ते साडेसहा किलोमीटरने जातो. या वेगाला लांब कयाकचा कमाल वेग कामास येत नाही, उलट पाण्याला घासणारा त्याचा पृष्ठभाग अधिक असतो. लांबीचा खरा लाभ दोन वल्ह्यांच्या मधल्या घसरणीत, सरळ चालण्यात आणि वेगवान सोबत्यांबरोबर राहण्यात आहे. प्रवाह २ नॉटचा आणि समोरून असेल, तर साडेतीन नॉटने चालणाऱ्याचे दीडच उरतात. तेथे अर्धा नॉट अधिक मिळणे म्हणजे भरतीच्या वेळेत धक्क्याला लागणे किंवा चिखलात अडकणे, एवढा फरक आहे.

माझ्या मते या दोन खाड्यांसाठी १४ ते १६ फूट लांबी आणि ५५ ते ५९ सेंटिमीटर रुंदी बहुतेकांना पुरते. सतरा फुटी कयाक तिवरांमधल्या अरुंद पाण्यात वळवताना नाळ एका झाडात आणि मागचे टोक दुसऱ्या झाडात जाते, हा अनुभव मी पुरेसा घेतला आहे.

स्थिरतेचे दोन प्रकार असतात. सपाट तळाचा रुंद कयाक शांत पाण्यात पाटासारखा बसतो, परंतु लाटेबरोबर तोही कलतो आणि एका मर्यादेनंतर अचानक उलटतो. गोलसर किंवा उथळ ‘व्ही’ आकाराच्या तळाचा कयाक सुरुवातीला डुगडुगतो, पण कुशीवर कलवला की आधार देतो. पहिल्यावरून दुसऱ्यावर बसताना हे डुगडुगणे घाबरवते. पाचसहा फेऱ्यांनंतर त्याची सवय होते. म्हणून पहिल्या दहा मिनिटांत केलेला निवाडा ग्राह्य धरू नये. तळाला लांबीच्या दिशेने दिलेला केळ्यासारखा बाक, ज्याला रॉकर म्हणतात, जास्त असेल तर कयाक पटकन वळतो आणि उभ्या लाटांत नाळ सहज वर उचलतो. गायमुखच्या दुपारींसाठी तो थोडा अधिक आणि ठाणे खाडीतील लांब सरळ फेऱ्यांसाठी थोडा कमी असलेला बरा.

आडवा वारा, स्केग आणि रडर

निवडीतला सर्वांत दुर्लक्षित आणि आपल्याकडे सर्वांत महत्त्वाचा भाग हा आहे. कयाक पुढे जात असताना नाळेला दोन्ही बाजूंनी पाण्याचा दाब धरून ठेवतो, मागचे टोक मात्र मोकळे असते. आडवा वारा ते टोक ढकलतो आणि नाळ वाऱ्याकडे वळते. अशा वेळी एकाच बाजूने लांब वल्ही मारत राहावे लागते; माझ्या सतरा फुटीवर ऐरोलीच्या पुलाजवळून परतताना असा पाऊण तास गेला आणि दुसऱ्या दिवशी कार्यालयात डावा हात टेबलावरून उचलत नव्हता.

यावर स्केग हा एक उपाय आहे. मागच्या भागातील खाचेतून खाली येणारे हे पाते मागचे टोक पाण्यात रोवते. ते पूर्ण खाली केले तर नाळ वाऱ्याकडून दूर जाऊ लागते, अर्धे केले तर कयाक सरळ राहतो. रडर म्हणजे पायांनी फिरवायचे सुकाणू. लांब पल्ल्याला ते सोयीचे असते, परंतु काही जुन्या रचनांत पायटेकूच पुढे-मागे सरकतो आणि पायांचा भक्कम आधार जातो. रडर घ्यायचे असेल तर टेकू स्थिर राहून फक्त बोटांकडचा भाग हलणारी रचना घ्यावी.

आपल्या खाडीत स्केगचा शत्रू चिखल आहे. उतरताना मागचे टोक चिखलाला टेकले की खाच भरते, पाते अडकते आणि ते हवे असते तेव्हाच खाली येत नाही. म्हणून खाच बाहेरून धुता येते का, तार बदलता येते का आणि पात्याच्या टोकाला छिद्र पाडून दोरीचा तुकडा बांधता येईल का हे पाहावे. त्या दोरीने सोबत्याला पाते ओढून काढता येते. ही सोय मला एका अनुभवी वल्हेकऱ्याने दाखवली, आणि त्यानंतर स्केग अडकल्यामुळे माझी एकही फेरी बिघडलेली नाही. तरीही ज्या कयाकला स्केगशिवाय मध्यम वाऱ्यात सरळ नेता येत नाही, तो घेऊ नये.

कशाचा बनलेला आहे आणि कोठे राहणार आहे

पॉलिथिलिनचा सोळा फुटी कयाक २७ ते ३० किलोंचा, फायबरग्लासचा २३ ते २६ किलोंचा आणि कार्बनचा साधारण २० किलोंचा असतो. धक्क्यांच्या दगडांवर कालवे (धारदार शिंपले) चिकटलेली असतात. त्यांनी पॉलिथिलिनवर ओरखडे उठतात एवढेच, पण फायबरग्लासवरचा गेलकोट, म्हणजे बाहेरचा गुळगुळीत थर, फुटतो. दुसरीकडे, पॉलिथिलिन आपल्या उन्हात मऊ पडते आणि दोन चुकीच्या आधारांवर एप्रिल-मे काढले तर तळाला कायमचा खळगा येतो. फायबरग्लासच्या बाजूने एक स्थानिक मुद्दा आहे: आता मासेमारीच्या बऱ्याच होड्या फायबरच्या असल्याने कोळीवाड्यांत हे दुरुस्तीचे काम जाणणारा कारागीर मिळतो, तर चिरलेले पॉलिथिलिन नीट जोडणारा शोधावा लागतो.

वजन एकट्याने पेलवते का हे आधी तपासावे. पार्किंगपासून धक्क्यापर्यंतचे अंतर, तीन तासांनंतरचे थकलेले हात आणि वाळलेला चिखल हे सारे त्यात धरावे. लिफ्टमध्ये पाच मीटर लांब काहीही मावत नाही. तेव्हा सोसायटीच्या स्टिल्टमध्ये भिंतीलगत सावलीची जागा आणि समितीची लेखी परवानगी कयाकआधी मिळवावी. ती मिळण्याची आशा नसेल तर तीन तुकड्यांचा किंवा घडीचा कयाक विचारात घ्यावा. घडीच्या कयाकला खेळणे समजण्याचे कारण नाही; हान्नेस लिंडेमान यांनी १९५६ मध्ये क्लेपर बनावटीच्या अशाच कयाकमधून अटलांटिक ओलांडला होता. खाऱ्या पाण्यानंतर प्रत्येक सांधा गोड्या पाण्याने धुण्याची शिस्त मात्र त्याला लागते.

पाण्यात उतरण्याआधीची तपासणी

वापरलेला कयाक पाहताना तो उलटा ठेवून एका टोकाकडून दुसऱ्याकडे डोळा लावून तळाची रेघ सरळ आहे का बघावे. मग पुढच्या हॅचमध्ये (झाकणाच्या सामानकप्प्यात) दोन बादल्या पाणी ओतून कयाक कलवावा आणि कॉकपिटमध्ये (बसण्याच्या पोकळीत) पाझर येतो का पाहावे. नंतर मागच्या हॅचबाबत तेच करावे. बल्कहेड, म्हणजे या दोहोंमधली आडवी भिंत, गळत असेल तर उलटल्यावर कयाक तरंगणार नाही, तो बुडू लागेल. हॅचचे रबर नखाने ओढून तडे शोधावेत. डेकच्या कडेने फिरणारी दोरी संपूर्ण आणि ओल्या हाताने पकडता येण्याजोगी हवी. रंग नारिंगी, पिवळा किंवा लाल असावा. पांढरा आणि निळा रंग लाटांच्या फेसात लाँचच्या तांडेलाला दिसत नाही.

थंड समुद्रांसाठी लिहिलेले सल्ले येथे जसेच्या तसे लागू करू नयेत. आपल्याला पाण्याच्या गारठ्यापेक्षा उन्हाचे आणि तहानेचे भय अधिक आहे. निओप्रीनच्या (रबरी कापडाच्या) जाड स्प्रे स्कर्टखाली, म्हणजे कॉकपिटवर ताणून बसवायच्या आच्छादनाखाली, मार्चमध्ये पाय शिजतात, नायलॉनचा पुरतो. कयाक अरुंद झाल्यावर वल्हेही आखूड लागते. ७१ सेंटिमीटरच्या कयाकसाठी २३० सेंटिमीटरचे वल्हे वापरले असेल, तर ५६ सेंटिमीटरच्या कयाकला २१० ते २२० पुरते, आणि ही रक्कम अंदाजपत्रकात आधीच धरावी.

चाचणीची फेरी

शांत पाण्यातील अर्ध्या तासाची चाचणी ही चाचणी नव्हे. विकणाऱ्याकडे एका पूर्ण भरतीइतका वेळ मागावा, आणि दिवस असा निवडावा की वारा दुपारी उठलेला असेल पण उधाण नसेल. सोबत दुसरा कयाक अवश्य असावा. प्रथम रिकाम्या कयाकने जावे, मग मागच्या हॅचमध्ये दहा किलो पाण्याच्या बाटल्या ठेवून तेच अंतर पुन्हा कापावे. स्केग वर ठेवून वाऱ्याला आडवे पन्नास वल्ही मारावीत आणि नाळ किती वळते ते मोजावे. नंतर वारा समोरून आणि पाठीमागून घेऊन तेच करावे. कुशीवर कलवून वळण घ्यावे. स्वच्छ पाणी उपलब्ध असेल तर मुद्दाम उलटून पुन्हा चढावे. शेवटी, थकल्यावर, तो एकट्याने उचलून गाडीवर चढवावा. ही शेवटची पायरी सर्वजण टाळतात, आणि ती न जमल्यामुळे कित्येक चांगले कयाक स्टिल्टमध्ये धूळ खात पडतात.

व्यवहार ठरला तरी पहिला कयाक लगेच विकू नये. यांत्रिक नौकांची मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते आणि त्या दिवसांत आपणही उतरत नाही. त्यामुळे ऑक्टोबरच्या मध्यापासून मेपर्यंतचा एक पूर्ण हंगाम दोन्ही कयाक ठेवावेत आणि वहीत प्रत्येक फेरीपुढे कोणता नेला ते लिहावे. माझ्या वहीत तिसऱ्या कयाकपुढे चौदा आणि जुन्या बारा फुटीपुढे नऊ खुणा पडल्या. त्या नऊ फेऱ्या नवशिक्या सोबत्यांच्या किंवा कालवे चिकटलेल्या धक्क्यावरून उतरण्याच्या होत्या, आणि म्हणून तो बारा फुटी कयाक अजून माझ्याकडेच आहे.